कवडूबाण

मशीनचा सुटा पार्ट अस्सल की नकली, हे मी डोळे मिटून सांगायचो. बढाई मारत नाही. तुम्ही माझ्या तळहातावर स्पार्क प्लग ठेवा, कार्ब्युरेटरमधली रबराची चकती ठेवा. मी वजन घेणार, नखाने टिचकी मारणार, नाकाशी नेऊन वास घेणार आणि निकाल देणार. माझ्या निकालावर अपील नव्हतं. निदान २००२ सालच्या मार्च महिन्यापर्यंत तरी नव्हतं.

मी कवडू. मूल गावाहून पोंभुर्ण्याकडे जाताना आमचं गाव लागतं, तिथल्या जंगल कामगार सोसायटीचा स्टोअरकीपर. सोसायटीला जंगलातला एक तुकडा तोडायला मिळतो, आमचे लोक झाडं पाडतात, ओंडके मापात कापून डेपोत रचतात. आधी हे सगळं कुऱ्हाड आणि आऱ्यावर चालायचं. मग सोसायटीने चेनसॉ घेतला, परदेशी कंपनीचा, नारिंगी रंगाचा. त्याच्या लांब पट्टीभोवती दातांची चेन फिरते आणि लाकूड कापते. मशीन चालवायला देवानंद आणि मशीनचे पार्ट सांभाळायला मी, अशी वाटणी झाली. कंपनीचं इंग्रजी पुस्तक मी पाठ केलं. कोणत्या नटाचा कोणता नंबर, झोपेत विचारा. "देवानंदले दोरी ओढता येते, मशीन कळते ते मले," असं मी पानठेल्यावर सांगायचो.

एक गोष्ट मात्र मी कधी सांगितली नाही, कारण कोणी विचारलीच नाही. तीन वर्षांत मी कपाटातून कितीतरी चेन काढून दिल्या होत्या, पण मशीनवर एकही बसवली नव्हती.

माझं तत्त्व एकच, कंपनीचाच माल. बाकी सगळा कचरा. या तत्त्वावर मी मरेपर्यंत टिकलो असतो, पण मध्ये माझ्या पोराची सोयरीक आली.

पोरगा मिथुन, गडचांदूरला सिमेंट कारखान्यात लागलेला. पोरगी हर्षा, मूलच्या हरिदासभाऊंची. आणि हरिदासभाऊंचं दुकान कशाचं? पंप, फवारे आणि चेनसॉच्या पार्टांचं, त्यातला एकही कंपनीचा नाही. पोरगी पाहायला गेलो तेव्हा ती दुकानाच्या ओट्यावर बसून गोल कानशीने चेनला धार लावत होती. प्रत्येक दाताला तीन हात, ना कमी ना जास्त. आम्हाला पाहून उठली, हात पुसले, चिवडा आणून दिला. नखांत काळं तेल तसंच होतं. माझी बायको बायनाबाई मला हळूच म्हणाली, "कामाची पोट्टी हाये." मिथुनने चिवडा तिखट लागला तरी दोनदा मागून घेतला. तेव्हाच मी समजलो.

चहा झाल्यावर मी हरिदासभाऊंना छेडलं. "भाऊ, हा माल डुप्लिकेटच ना?"

त्यांनी एक पेटी माझ्यापुढे ठेवली. पेटीवर निळ्या शाईने, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'हरिदास, मूल'.

"डुप्लिकेट म्हंजे दुसऱ्याचं नाव लावून विकलेला," ते म्हणाले. "मी त माझंच नाव लिवतो. कंपनीचा नाई, हे गिऱ्हाईकाले पयलेच सांगतो. ही चेन तिसऱ्या हिश्श्याच्या भावात पडते. पहिल्या दिवशी थोडी ताणते, मंग कसून घ्या. धार जरा लवकर लावा लागते. पण कापते चांगली."

"आणि बाकी पार्ट?"

"रबराची चकती माझ्याकडची घेऊ नका, सहा महिन्यांत कडक होते. ते कंपनीचीच घ्या. चेनची पट्टीबी कंपनीची बरी. चेन माझी घ्या."

स्वतःच्याच मालातलं अर्धं घेऊ नका म्हणणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला. मी पेटी उघडली, वजन घेतलं, टिचकी मारली, वास घेतला. खरं सांगायचं तर कंपनीच्या चेनपेक्षा वेगळं काही कळलं नाही. पण तसं म्हणायचं कसं? मी नुसतं "हं" म्हणालो.

सोयरीक जमली. पुढच्या रविवारी साक्षगंध, आमच्याकडचा साखरपुडा, ठरलं. हरिदासभाऊंच्या गल्लीत नाली खोदून ठेवली होती, म्हणून ते आमच्याच अंगणात करायचं ठरलं. निघताना बायनाबाईने माझ्या कानात सांगितलं, "सोयऱ्याच्या दुकानातून रिकाम्या हातानं नका निघू." म्हणून मी सोसायटीसाठी एक चेन घेतली. तत्त्वाला त्या दिवशी पहिला तडा गेला.

दुसरा तडा बुधवारी गेला. देवानंदच्या बायकोला पोरगा झाला आणि तो नाव ठेवायला सासरी गेला. इकडे शनिवारी डेपोत ट्रक येणार आणि ऐनाचे बारा ओंडके कापायचे बाकी. मशीनवरची जुनी चेन पार झिजलेली, आणि कपाटात सोयऱ्याची चेन तेवढी उरलेली. अध्यक्ष डोक्याला हात लावून बसले. "आता चेन कोण बसवल?"

"मी हावो ना," मी म्हणालो.

इथे मला माझ्या बाबांबद्दल सांगावं लागेल. बाबा याच डेपोत आरा ओढायचे. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसून पाहायचो. आमच्याकडचा आरा ओढताना कापतो, ढकलताना नाही. बाबा विडी विझवून मला दाखवायचे, "पाय कवडू, दात नेहमी आपल्याकडं पाहिजे. दात तिकडं पाहू लागले की आरा रुसला म्हण." ते माझ्या डोक्यात असं बसलं होतं की चेन हातात घेतल्यावर मला पुस्तक आठवलंच नाही, बाबा आठवले. मी झाकणाचे दोन नट काढले, चेन पट्टीवर चढवली आणि वरच्या बाजूचे सगळे दात नीट, शिस्तीत, माझ्याकडे तोंड करून बसवले. बसवताना डोळ्यांत थोडं पाणीही आलं. बाबा असते तर शाबासकी दिली असती असं वाटलं.

दोरी ओढली. मशीन गरजलं. मी पट्टी ओंडक्यावर ठेवली.

भुसा नाही. एक कण नाही. ऐनाच्या सालीवर एक तपकिरी रेघ उमटली आणि तिच्यातून धूर निघू लागला. मी जोर दिला, धूर वाढला. अंगाचा भार टाकला, धूर माझ्या नाकात गेला. सोमारी नावाची आमची जुनी मजूर बाई पलीकडे कुऱ्हाडीने फांद्या छाटत होती. ती हात थांबवून म्हणाली, "कवडूभाऊ, इस्तव झालाच हाये तं चहा ठेवू का?"

सगळा डेपो हसला. मी मशीन बंद केलं. चाळीस माणसं माझ्याकडे पाहत होती. तीन वर्षांची इभ्रत त्या धुरात चालली होती. अशा वेळी माणूस काय करतो? दुसऱ्यावर ढकलतो. मीही तेच केलं. अजून लाज वाटते.

"चेन डुप्लिकेट हाये," मी जाहीर केलं. "हे लोखंडच नोहे. पत्रा हाये पत्रा."

एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण अध्यक्ष म्हणाले, लेखी द्या. आणि लेखी म्हटलं की मला आवरत नाही. मी टेबलावर बसून अहवाल लिहिला. 'सदर चेनची निम्नस्वाक्षरीकर्त्याने सखोल तपासणी केली असता, तिचे पोलाद हे पोलाद या संज्ञेस पात्र नसून, सदर चेन लाकूड कापण्याऐवजी लाकडास ऊब देते, असे निदर्शनास आले. सबब सदर पुरवठादाराचा माल कोणीही घेऊ नये.' अध्यक्षांना वाक्यं फार आवडली. त्यांनी तो कागद नोटीस बोर्डावर लावला. ओंडके मात्र सोमारी आणि बाकीच्यांनी शनिवारपर्यंत कुऱ्हाडीने आणि आऱ्याने कापले. ते कापताना सोमारी मधूनमधून माझ्याकडे पाहायची.

नोटीस बोर्ड वाचायला आमच्याकडे फार लोक येत नाहीत. पण त्याच दिवशी शेजारच्या सोसायटीचे सचिव आले आणि त्यांनी ती सगळी नकलून नेली. दुसऱ्या दिवशी सोमारी बाजाराला मूलला गेली. तिने दुकानात जाऊन हरिदासभाऊंना जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, माझ्या धुरासकट. शुक्रवारी जिवतीकडच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने त्यांच्याकडची मागणी रद्द केली. शनिवारी शेजारच्या सोसायटीनेही. पेटीवर स्वतःचं नाव लिहिणाऱ्या माणसाचं नाव मी तीन दिवसांत दोन तालुक्यांत खराब केलं होतं, आणि तोच माणूस रविवारी माझ्या दारात सोयरा म्हणून येणार होता.

बायनाबाईने माझ्याशी बोलणं सोडलं. जेवणाचं ताट ठेवायची ते सुद्धा असं की भाजी उडून सदऱ्यावर पडायची. मिथुन गडचांदूरहून आला, त्याने नोटीस बोर्ड वाचला, घरी आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"बाबा, चेनचं तुमी आन् सोसायटी पाहून घ्या. मले तीच पोरगी पाहिजे."

"अरे, पण माल..."

"मी मालाशी लगन करून राह्यलो काय?"

मी रात्रभर विचार केला की चेन बदलून घेऊ, कागद काढून टाकू. पण कागद काढला असता तर मी चुकलो असं झालं असतं, आणि मी तर चुकलो नव्हतो. चेनच नकली होती. मी टिचकी मारून पाहिली होती.

रविवारी सकाळी अंगणात मांडव, टेबलावर पांढरं कापड, फोटोसमोर मेणबत्त्या. वंदना झाली. पाहुणे बसले. हर्षा मोरपंखी साडीत खाली मान घालून. आणि हरिदासभाऊ उभे राहिले. अंगावर पांढराशुभ्र सदरा, हातात दोन पेट्या. एक त्यांची, निळ्या अक्षराची. दुसरी कंपनीची, सीलबंद.

"कवडूभाऊ," ते हात जोडून म्हणाले, "साडी-चोळीच्या पयले एवढं एक काम होऊ द्या. ही कंपनीची चेन म्या काल नागपूरहून, कंपनीच्याच दुकानातून आणली. पक्कं बिल हाये. दोन्ही चेन तुमच्याच हातानं बसवा आन् कापून पाहा. माझी नाई कापली तं मी दुकानाले कुलूप लावतो. पोरीले उद्या कोणी म्हणू नये का तुझा बाप खोटा माल विकते."

अध्यक्षांनी उत्साहाने ऐनाचा ओंडका मागवला. मशीन आलं. आता कंपनीची चेन सर्रकन कापणार आणि हरिदासभाऊंचं दुकान कायमचं बसणार, हे मला दिसत होतं. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की मी हरलो तर बरं.

मी कंपनीची चेन बसवली. दात माझ्याकडे, शिस्तीत. दोरी ओढली. पट्टी टेकवली.

धूर.

पाहुणे पुढे सरकले. मी दाबलं. आणखी धूर. मेणबत्तीजवळ बसलेली म्हातारी खोकू लागली.

"हे बी डुप्लिकेट," मी म्हणालो. हरिदासभाऊंनी बिल पुढे केलं. बिल खरं होतं. "मंग पेट्रोलात भेसळ असल," मी म्हणालो. अध्यक्ष म्हणाले, पेट्रोल सोसायटीचं आहे आणि मशीन तर जोरात फिरून राह्यलं. आता माझ्या हाती फक्त एक गोष्ट उरली होती.

"मंग," मी ओंडक्यावर हात ठेवून म्हणालो, "हे लाकूडच डुप्लिकेट हाये."

मागून सोमारीचा आवाज आला, "ऐन हाये भाऊ, म्याच पाडला." हसण्याने मांडव हलला. हरिदासभाऊ मात्र हसले नाहीत. ते जमिनीकडे पाहत उभे होते, जणू चूक त्यांचीच होती.

तेवढ्यात मोरपंखी साडी माझ्याजवळ आली. "मामाजी, मशीन तापलं. मले द्या, थोडं तेल पाहतो." तिने मशीन उचललं, बापाची पेटी काखेत घेतली आणि हातपंपामागे गेली. मी पाना घेऊन तिच्या मागे.

तिने पदर खोचला. दोन नट काढले, कंपनीची चेन उतरवली, बापाची चेन हातात घेतली, उलटवली आणि पट्टीवर बसवली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मी पाहत होतो. वरच्या बाजूचे सगळे दात आता माझ्याकडे पाठ करून पुढे पाहत होते.

"वरच्या बाजूनं चेन पुढं पळते, मामाजी," ती हळूच म्हणाली. "दात पळाच्या दिशेनं पाहिजे. तुमी आऱ्यावानी बसवले."

"माहे बाबा आरा ओढत होते," एवढंच मला सुचलं.

"मले माहीत हाये. आऱ्याचे तसेच असते. तुमच्या बाबाचं बरोबर होतं."

त्या पोरीने माझी चूक दाखवली आणि माझ्या बापाची लाज राखली. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. "बाहेर काय सांगू?" मी विचारलं.

"सांगा का तेल कमी होतं."

बाहेर आलो. दोरी ओढली, पट्टी ठेवली आणि हरिदासभाऊंची चेन ऐनात अशी शिरली की भुसा उडून पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या नव्या धोतरांवर बसला. ओंडक्याचे दोन तुकडे. टाळ्या. मग त्याच पद्धतीने कंपनीची चेन बसवून पाहिली, ती थोडी आणखी लवकर गेली. हरिदासभाऊ स्वतःच म्हणाले, "ते दोन बोटं सरसच राहीन. म्हणून तं महाग हाये."

"वा कवडूभाऊ," अध्यक्ष म्हणाले, "काय जादू केली?"

मी तोंड उघडलं. 'तेल' हा शब्द अगदी जिभेवर होता. पण समोर हरिदासभाऊ आपली रिकामी पेटी हातात धरून उभे होते आणि भुशाने माखलेलं आपलं नाव अंगठ्याने पुसून साफ करत होते. मी तेल म्हटलं असतं तर उद्या लोक म्हणाले असते, हरिदासची चेन खास तेलाशिवाय चालत नाही.

"चेन चांगलीच होती," मी म्हणालो. "म्या उलटी बसवली होती. बुधवारीबी, आजबी. दोन्ही येळा."

मला वाटलं आता हशा होईल. कोणी हसलं नाही. सगळे हरिदासभाऊंकडे पाहू लागले, आणि हरिदासभाऊ खाली मान घालून म्हणाले, "मले माहीत होतं, भाऊ."

"माहीत होतं?"

"सोमारीबाईनं सांगितलं तवाच. नवी चेन आन् भुसा नाई, नुसता धूर, म्हंजे उलटीच. दुकानात हप्त्याले एक तरी असा येते."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"पोरीचा बाप पोराच्या बापाची चूक तोंडावर कसा काढल? साक्षगंध व्हाचं होतं. वाटलं, कंपनीची चेनबी धुरावली का तुमाले आपोआप समजल." त्यांनी ओंडक्याकडे पाहिलं. "तुमी तं लाकडालेच डुप्लिकेट म्हटलं."

मग मात्र मांडव कोसळायचा राहिला. बायनाबाई सुद्धा पदरात तोंड घालून हसली, आणि चार दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. काय बोलली ते इथे लिहीत नाही. साक्षगंध झालं. हर्षाने साडी घेतली, मिथुनने पेढा घेतला, आणि सोमारीने खरंच चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी बोर्डावर नवा कागद लावला. 'सदर चेन निर्दोष असून दोष निम्नस्वाक्षरीकर्त्याच्या बसवण्यात आढळून आला.' शेजारच्या सचिवांना बोलावून तोही नकलून न्यायला लावला. जिवतीला मी स्वतः गेलो, दोन बसगाड्या बदलून, आणि त्या गिऱ्हाइकासमोर सगळं कबूल केलं. त्याने मागणी परत दिली. वर मला जेवायलाही घातलं, आणि जेवताना तीनदा तीच गोष्ट सांगायला लावली.

हरिदासभाऊंनी तेव्हापासून प्रत्येक पेटीच्या झाकणावर, नावाच्या खाली, निळ्या शाईने एक पट्टी आणि तिच्या वर एक बाण काढायला सुरुवात केली. 'वरचे दात इकडे.' गिऱ्हाइकं विचारायची, हे काय नवीन? हरिदासभाऊ खोटं बोलत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. हळूहळू लोक दुकानात येऊन म्हणू लागले, कवडूबाणवाली चेन द्या.

चार वर्षांनी मी कामाने आलापल्लीला गेलो होतो. तिथल्या एका दुकानात काउंटरवर ती पेटी दिसली. मी नकळत हातात घेतली, वजन घेतलं, टिचकी मारली.

"बाण पाहून बसवजा भाऊ," दुकानदार म्हणाला. "कवडूबाण म्हणते त्याले."

"कोण होता हा कवडू?" मी विचारलं.

"काय माहीत. चेनच्या कामातला मोठा जाणकार असल कोणी. उगाच कोणाचं नाव थोडीच लागते."

मी पेटी खाली ठेवली. समोरच्याची चूक तोंडावर काढू नये, एवढं मी हरिदासभाऊंकडून शिकलो होतो. म्हणून मी काही बोललो नाही.